पाहुण्यांना कातळ दाखवावा का?

वाचकाचे पत्र

माझे घर दापोली तालुक्यात समुद्राला लागून आहे आणि घरातल्या चार खोल्या मी पर्यटकांना राहण्यासाठी देतो. आमच्या पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, दक्षिण टोकाला काळा कातळ आहे. ओहोटीला तिथे पाण्याची डबकी उघडी पडतात आणि त्यांत खेकडे, तारामासे, रंगीत शंख, समुद्रफुले असे बरेच काही दिसते. पाहुण्यांना हे फार आवडते, पण गेल्या हंगामात मुले बादल्या भरून जीव घरी आणू लागली आणि रात्रीत ते मरू लागले. एकदा एक गृहस्थ भरतीच्या पाण्यात अडकता अडकता वाचले. आता वाटते की हे दाखवणेच बंद करावे. दुसरी अडचण अशी की, पर्यटन वाढावे म्हणून पुळण जेसीबीने सपाट करून कडेने दगडी बंधारा, पायवाट आणि मोठे दिवे बसवण्याचा प्रस्ताव ग्रामसभेत येतो आहे. याच पुळणीवर कासवे अंडी घालतात. विरोध केला तर ‘स्वतःचा धंदा चालतो म्हणून गावाच्या विकासाला आडवा येतो’ असे ऐकावे लागेल. मी काय करावे?

उत्तर

कातळ दाखवणे बंद करू नका आणि बंधाऱ्याला ग्रामसभेत विरोध करा, असे माझे मत आहे. मात्र या दोन्ही गोष्टी आज ज्या पद्धतीने तुमच्या मनात आहेत, त्या पद्धतीने करू नयेत. कातळ सध्या कोणीही, कधीही आणि कितीही जणांनी जावे असा खुला आहे, तो तसा राहू नये. बंधाऱ्याला नुसता ‘नको’ म्हणून उपयोग नाही. त्याऐवजी काय हवे, हे कागदावर मांडल्याशिवाय तुमचे कोणी ऐकणार नाही.

आधी वेळेचे पाहू, कारण तुमचे पाहुणे अडकले ते वेळ न पाहिल्यामुळे. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तिथीची पाऊणपट ठाऊक असते, पण शहरातून आलेल्याला ती सांगावी लागते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची ठोकळ वेळ मिळते आणि तिच्यापासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी येते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी भर दुपारी बारा-सव्वाबाराला येते. त्यात अष्टमी हा भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचा, दिवस असल्याने पाणी फारसे उतरतही नाही. उलट अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला उधाण असते, पाणी खूप खाली जाते आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या आसपास येते. कातळ पाहण्यासाठी याहून सोयीची वेळ नाही. उजेड असतो, ऊन चढलेले नसते आणि एरवी पाण्याखाली राहणारा खडकाचा सर्वांत खालचा पट्टाही उघडा पडतो.

हा ठोकताळा दिवस निवडण्यापुरता वापरावा. प्रत्यक्ष नेण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातील किंवा त्यावर आधारलेल्या एखाद्या विश्वासार्ह अ‍ॅपमधील तुमच्या जवळच्या बंदराची वेळ पाहावी. मुंबईचे कोष्टक तुमच्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक वरखाली होते. दक्षिणेकडे जावे तसा हा फरक कमी होत जातो आणि वेळही थोडी बदलते. कोष्टकात वेळेसोबत पाण्याच्या उंचीचाही आकडा असतो, पण तो बहुतेक जण वाचत नाहीत. ओहोटीचा आकडा एक मीटरच्या जितका खाली, तितके पाहण्यासारखे अधिक. तो वर असेल तर पाहुण्यांना खुशाल पुळणीवर फिरायला पाठवावे आणि कातळाचा बेत पुढे ढकलावा.

ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी निघावे, उतरणाऱ्या पाण्यामागून खाली जावे आणि पाणी फिरले की परतीची वाट धरावी. भरतीचे पाणी सर्व वेळ एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या सुमारे बाराव्या हिश्श्याएवढेच चढते, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत प्रत्येकी तिप्पट. त्यामुळे पहिला तास ‘अजून काही पाणी भरले नाही’ असे वाटून माणूस गाफील राहतो आणि मग पाहता पाहता वेढला जातो. शिवाय पाणी समोरूनच येते असे नाही. कातळातल्या घळी आणि पन्हाळी आधी भरतात, आणि त्या बहुधा आपल्या पाठीमागे, पुळण आणि आपण यांच्या मधोमध असतात. तुमच्या कातळावर अशा घळी कुठे आहेत हे तुम्हाला माहीत असणार. पाहुण्यांना तिथून पलीकडे नेण्याआधीच परतीची वेळ मोठ्याने सांगून ठेवावी.

पायात घट्ट बसणारे, रबरी तळाचे बूट हवेत. अनवाणी पायांना कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांच्या, कवचांची धार कापते आणि सपाता हिरव्या शेवाळावर घसरतात. समुद्राकडे पाठ करून कोणी बसू नये. जून ते सप्टेंबर कातळ पूर्ण बंद ठेवावा, मग पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी. खोलीचे आरक्षण घेतानाच हे लिहून दिले, तर दारात उभे राहून वाद घालावा लागत नाही.

आता बादल्यांविषयी. मुलांना रागावून हे थांबणार नाही, पण जीव का मरतात हे समजले तर बऱ्याच अंशी थांबेल. ओहोटीच्या डबक्यातले जगणे मुळातच कठीण असते. ऊन चढले की पाणी तापते, तापलेल्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो, बाष्पीभवनाने खारटपणा वाढतो आणि पावसाची सर आली तर तोच खारटपणा एकदम उतरतो. तिथले प्राणी हे सारे काही तास सोसतात, कारण पुढची भरती थंड आणि ताजे पाणी घेऊन येणार असते. बादलीत ती भरती येत नाही. एका बादलीत पाच-सहा खेकडे आणि दोन तारामासे ठेवले की पाण्यातला प्राणवायू बघता बघता संपतो. तारामासा शरीरावरच्या बारीक नाजूक त्वचाकल्ल्यांनी आणि खालच्या नलिकापायांनी श्वसन करतो, त्यामुळे त्याला ‘फोटोपुरते’ पाण्याबाहेर धरणेही त्रासाचे असते. खडकाला चिकटलेला असताना ओढून काढला, तर त्याचे पाय तुटून खडकावरच राहतात. एवढे ऐकल्यावर मुले सहसा बादली घरी ठेवतात. आई-वडिलांना पटवायला मात्र जास्त वेळ लागतो, असा अनुभव आहे.

बादलीऐवजी मुलांना काय द्यावे? माझे उत्तर आहे, एकच डबके. परातीएवढे एखादे डबके निवडा, त्यावर कोणाची सावली पडणार नाही असे सगळ्यांना एका बाजूला उकिडवे बसवा आणि दहा मिनिटे बोलू देऊ नका. पहिल्या मिनिटात पाणी रिकामे दिसते. मग एक शंख चालू लागतो आणि लक्षात येते की त्यात गोगलगाय नसून दुसऱ्याच्या घरात राहणारा खेकडा आहे. कडेच्या खडकावर पाण्यात बुडालेले पांढरे, ज्वालामुखीच्या तोंडासारखे टणक ठिपके दिसतात, ते बार्नेकल. हा प्राणी डोक्याकडची बाजू खडकाला कायमची चिकटवून जगतो. त्याचे तोंड उघडले की पिसासारखे पाय बाहेर येतात आणि मूठ मिटावी तसे मिटून पाण्यातले अन्न आत ओढतात. काठावर टोपीच्या आकाराचे लिंपेट घट्ट बसलेले असतात. भरतीत ते शेवाळ खरवडत फिरतात आणि त्यांच्यापैकी अनेक जाती पाणी उतरण्याआधी आपल्या ठरलेल्या खाचेत परत येतात. ती खाच त्यांच्या कवचाच्या कडेशी अचूक जुळलेली असते, म्हणून उन्हात आतला ओलावा टिकतो. गंमत म्हणून लिंपेट उचकटून जवळच्याच दुसऱ्या खडकावर ठेवला, तरी त्याचे घर मोडलेले असते. तळाशी खडकाच्या रंगाचा एखादा मासा इतका वेळ समोरच होता, हे बहुधा नवव्या मिनिटाला कळते.

दगड उलटण्याचा मोह मोठ्यांनाही होतो. दगडाची वरची बाजू उन्हाला सरावलेली असते आणि तिच्यावर शेवाळ वाढते. खालच्या बाजूला स्पंज, अंड्यांचे पुंजके आणि ऊन न सोसणारे इतर जीव असतात. उलटलेला दगड तसाच टाकला तर दोन्ही बाजूंचे जीव मरतात. म्हणून तुमच्या गटात दगड एकट्या वाटाड्याने, हातात मावेल एवढाच, हलकेच उचलावा आणि होता तसाच, त्याच जागी परत ठेवावा. डबक्यात हात घालायचाच असेल तर हाताला सनस्क्रीन किंवा डासांचे मलम लावलेले नसावे.

रिकामे शंख गोळा करण्याबाबत मी थोडा कडक आहे. शंखातल्या खेकड्याला वाढत्या अंगासोबत मोठे घर लागते आणि ते त्याला स्वतः बनवता येत नाही. एका हंगामात शेकडो पर्यटकांनी चांगले, न फुटलेले शंख पिशवीत घातले तर त्या कातळावर घरांची टंचाई होते. शिवाय पाहणाऱ्याला रिकामा वाटलेला शंख रिकामा असेलच असे नाही. नक्षीदार, शंकूच्या आकाराचे कोन शंख आपल्या किनाऱ्यावर सापडतात. आतला प्राणी जिवंत असेल तर तो विषारी काट्याने डंख करतो. तेव्हा ‘शंख उचलायचा नाही’ हा नियम शंखाइतकाच उचलणाऱ्याच्याही हिताचा आहे. उथळ पाण्यातून चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत न्यावेत, म्हणजे तळाशी दडलेले पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होते. पाकटाचा किंवा विषारी काट्याच्या माशाचा काटा लागलाच, तर भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, काही जातींचे शंख आणि अर्थातच सागरी कासवे यांना संरक्षण दिले आहे. पाहुण्याला कातळावर प्रवाळाची लहानशी वसाहत दिसली आणि त्याने आठवण म्हणून तुकडा तोडला, तर तो गुन्हा ठरतो. हे वाक्य खोलीतल्या सूचनापत्रकावर छापावे. त्याचा परिणाम विनंतीपेक्षा लवकर होतो, हे खेदाने का होईना मान्य करावे लागते.

एका वेळी सहा ते आठ जणांपेक्षा जास्त माणसे नेऊ नका, आणि दर वेळी एकाच पट्ट्यावरून चालवू नका. वाटाडा म्हणून कोणाला घ्यावे, याबाबत माझी सूचना ठाम आहे. तुमच्या गावात ओहोटीला कालवे काढायला जाणाऱ्या बायका असतील. कुठला खडक डगमगतो, कुठली घळ आधी भरते, कोणत्या महिन्यात काय दिसते, हे त्यांना कोष्टकाशिवाय ठाऊक असते. त्यांच्यापैकी दोघी-तिघींना प्रत्येक फेरीचा ठरलेला मोबदला द्या आणि पाहुण्यांचे शुल्क त्यानुसार लावा. ‘मग त्या कालवे फोडतात ते चालते का?’ असा प्रश्न शहरी पाहुणा विचारणारच. चालते. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जागी, पोटापुरते काढणे आणि कपाटात ठेवण्यासाठी उचलणे यांना मी एका मापाने मोजत नाही. पाहुण्यांपैकी कोणाला अधिक रस असेल, तर त्यांनी छायाचित्रे काढून आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या नोंदस्थळावर टाकावीत. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने २०१७ पासून गिरगाव, जुहू, हाजीअली अशा गजबजलेल्या किनाऱ्यांवर लोकांना ओहोटीच्या वेळी नेऊन अशाच नोंदी जमवल्या. शहराच्या सांडपाण्याशेजारी प्रवाळ आणि अष्टपाद राहतात, हे असंख्य मुंबईकरांना त्यामुळे पहिल्यांदा समजले. तुमच्या कातळाच्या अशा नोंदी असतील तर उद्या कोणत्याही प्रकल्पाच्या वेळी ‘इथे काही नाही’ असे कोणाला म्हणता येणार नाही.

यावरून पुळणीकडे येतो. जेसीबी लावणाऱ्याला पुळण म्हणजे मोकळी पडलेली जागा वाटते, आणि प्रस्तावाचे मूळ या समजुतीत आहे. वाळूची पुळण वर्षभर एका जागी नसते. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा वाळू ओढून समुद्रात थोड्या अंतरावर तिचा बांध घालतात आणि पाऊस संपल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. मागची वाळूची टेकाडे ही या व्यवहारातली शिल्लक असते. जोराचे उधाण आले की लाटा ती शिल्लक वापरतात आणि त्यांचा जोर तिथेच संपतो. टेकाड धरून ठेवणारी मर्यादावेल आणि केवड्याची बेटे खरवडून काढली, टेकाड सपाट केले आणि पुढे दगडी बंधारा घातला, तर ही शिल्लक बंधाऱ्यामागे अडकते. लाट दगडावर आपटून जोराने मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उकरून नेते. काही वर्षांत बंधारा उभा राहतो, पण त्याच्यापुढची पुळण खचलेली असते. बंधाऱ्याची टोके जिथे संपतात, तिथे शेजारच्या वाडीची धूप वाढते आणि मग तिलाही बंधारा लागतो. कोकणात हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

याचा अर्थ बंधारा कुठेच नको असा मी घेत नाही. एखाद्या वस्तीच्या पायाशी समुद्र खरोखर आला असेल, घरे धोक्यात असतील, तर तिथे विचार वेगळा करावा लागतो. तुमच्या पत्रात घरे धोक्यात असल्याचा उल्लेख नाही, उल्लेख पर्यटनाचा आहे. पर्यटनासाठी पुळण घालवणे हा उलटा हिशेब ग्रामसभेला शांतपणे दाखवता येईल.

दिव्यांचा प्रश्न कासवांमुळे अधिक गंभीर आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर येते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बहुधा रात्री किंवा पहाटे वाळूतून वर येतात आणि सर्वांत उजळ दिसणाऱ्या दिशेला धावतात. निसर्गतः ती दिशा समुद्राची असते. तुमच्या पायवाटेवरचे पांढरे प्रखर दिवे त्याहून उजळ असले, तर पिल्ले रस्त्याकडे, कुत्र्यांच्या तोंडी जातात. मादीही उजेड पाहून अंडी न घालता परत फिरते. सुरूची झाडे लावण्याचा मुद्दा प्रस्तावात असेल तर तोही तपासा, कारण टेकाडावर सुरूचे बन वाढले की मुळे आणि पडलेल्या काड्यांमुळे मादीला खड्डा खणणे अवघड होते.

शेजारच्या मंडणगड तालुक्यातले वेळास तुमच्या ग्रामस्थांना नव्याने सांगायला नको. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला आणि केवळ पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येऊन गावातल्या घरांत राहू लागले. तुमच्याच तालुक्यातल्या आंजर्ल्यानेही तो मार्ग धरला. ‘विकासाला आडवा येतो’ या आरोपाला उत्तर द्यायचे असेल तर वेळासमध्ये राहणाऱ्या पर्यटकाने कोणाच्या घरी भाकरी खाल्ली, हे सांगावे.

ग्रामसभेत जाण्याआधी काही कामे करून ठेवा. प्रस्तावाचे अंदाजपत्रक आणि नकाशा मागून घ्या आणि भरतीरेषेपासून काम किती अंतरावर आहे ते पाहा. जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूची टेकाडे सर्वाधिक संरक्षित वर्गात येतात, तर भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा, म्हणजे तुमचा कातळसुद्धा, त्याच्या लगतच्या वर्गात मोडतो. अशा ठिकाणच्या कामाला महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते. ती घेतली आहे का, एवढाच प्रश्न सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. गेल्या काही हंगामांतल्या घरट्यांच्या नोंदी वनविभागाकडे असतील, त्यांची प्रत मिळवा.

सोबत पर्यायी ठराव लिहून न्या. पुळणीवर वाहनांना बंदी असावी आणि गाड्या गावातल्या मैदानात उभ्या राहाव्यात. टेकाडावरून खाली उतरायला एक-दोन ठरलेल्या जागी लाकडी पायवाट असावी, म्हणजे मर्यादावेल सगळीकडे तुडवली जाणार नाही. दिवे रस्त्याच्या बाजूला, कमी उंचीचे, खाली वळवलेले आणि पिवळसर असावेत आणि विणीच्या हंगामात ते बंद ठेवता यावेत. साफसफाई यंत्राऐवजी हातांनी व्हावी. प्लास्टिक, बाटल्या, तुटलेली जाळी उचलावीत, पण लाटेने आणलेले शेवाळ आणि लाकूड जागीच राहू द्यावे, कारण किनाऱ्यावरचे खेकडे आणि पक्षी त्यावर जगतात. स्वच्छतागृह आणि कचराकुंडी यांना मात्र जोरदार पाठिंबा द्या. पर्यटकाला खरी गरज त्यांचीच असते, आणि तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत नाही हेही दिसेल.

तुमच्या धंद्याचा मुद्दा कोणी काढण्याआधी तुम्हीच काढा. कातळाच्या फेऱ्यांतून येणाऱ्या शुल्काचा ठरावीक भाग कासवांची घरटी राखणाऱ्या मुलांच्या मानधनासाठी ग्रामपंचायतीकडे जमा करण्याची तयारी लेखी दाखवली, तर निम्मा विरोध तिथेच संपेल. पर्यायी ठरावावर कालवेवाल्या बायकांच्या आणि मच्छीमार सोसायटीच्या सह्या तुमच्या सहीच्या वर घ्या. अर्ज सभेच्या आधी, दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर ग्रामपंचायतीची तारखेसह पोच घ्या.